नवव्या चौकटीतला ठिपका

“मॅडम, हाय का?”

यंत्राच्या बोगद्यातून भरतेशचा आवाज माझ्या हेडफोनमध्ये आला. बटण दाबून मी त्याला सांगितलं की अजून चार मिनिटं आहेत, बोलायचं नाही, हलायचं नाही, नाहीतर सगळं पहिल्यापासून करावं लागेल. काचेपलीकडे मला त्याचे पाय तेवढे दिसत होते, राखाडी मोज्यांतले, पट्ट्याने एकत्र बांधलेले. त्यांना हलू नका असं सांगायची गरज नव्हती.

ह्याला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका खाजगी सेंटरमध्ये एमआरआयचं यंत्र चालवत होते. त्रिशला मगदूम, टेक्निशियन, असं माझ्या कोटावर लिहिलेलं असायचं आणि ते कुणी वाचायचं नाही. पेशंट आणि नातेवाईक डॉक्टरांच्या खोलीकडे डोळे लावून बसतात. आमच्याशी त्यांचा संबंध अंगावरचं सोनं काढून ठेवण्यापुरता.

भरतेश चौगुले मात्र माझ्याकडे डोळे लावून होता. वय सव्वीस, वीज कंपनीत वायरमन. शिरोळ तालुक्यातल्या त्याच्याच गावाबाहेर खांबावर चढलेला असताना शॉक बसून खाली पडला, पाठीचा मणका मोडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. पहिल्या दवाखान्याने आत पट्ट्या-स्क्रू न बसवता पाठीला पट्टा बांधून त्याला नुसतं झोपवून ठेवलं होतं. एरवी हे कुणी नशीब म्हटलं नसतं. पण आत धातू नसल्यामुळे आमच्या यंत्रात त्याच्या पाठीचं चित्र आरशासारखं स्वच्छ यायचं, आणि म्हणूनच आमच्या डॉ. कीर्तनेंनी त्याला आपल्या अभ्यासासाठी निवडला.

अभ्यास असा होता. भरतेशच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढली, त्यातल्या मूळपेशी वेगळ्या करून प्रयोगशाळेत वाढवल्या आणि मोडलेल्या मणक्यापाशी सुईने सोडल्या. सोडण्याआधी त्या पेशींना लोखंडाचे डोळ्यांना न दिसणारे कण पाजले होते. लोखंड एवढ्यासाठी की चुंबकाच्या यंत्रात ते काळं उमटतं, आणि पेशी टिकल्या की वाहून गेल्या हे पाठ न उघडता बघता येतं. दर महिन्याला भरतेशला रिक्षा टेम्पोत झोपवून आणायचं, मी चित्रं काढायची आणि फिल्मवरच्या बारा चौकटींपैकी नवव्या चौकटीत काळा ठिपका आहे का ते बघायचं. तिळाएवढा ठिपका. तेवढ्यासाठी सगळं घर महिनाभर श्वास रोखून असायचं.

घर म्हणजे तिघं. भरतेश, त्याची बायको सन्मती आणि आई रत्नाक्का. रत्नाक्काने पहिल्याच भेटीत माझं आडनाव विचारून घेतलं होतं. “मगदूम म्हंजे आपल्यातल्याच की,” असं म्हणून तिने माझ्या दंडावर हात ठेवला. चौगुलेही जैन, आम्हीही जैन. मी नावापुरती, ती मात्र दिवस मावळल्यावर पाण्याचा घोट न घेणारी, बटाटा-कांदा घरात न आणणारी, मुंगीला वाट करून देणारी बाई. पेशी सोडायच्या आदल्या दिवशी तिने डॉक्टरांना विचारलं होतं की ह्या पेशी कुठल्या जनावराचा जीव घेऊन तर काढलेल्या नाहीत ना. डॉक्टर हसले. म्हणाले, तुमच्या मुलाच्याच आहेत, दोन कोटी जिवंत पेशी, त्याच्याच हाडातल्या. रत्नाक्काने तो आकडा मनात जपून ठेवला. पुढे ती फिल्म कपाळाला लावायची आणि म्हणायची, दोन कोटी जीव माझ्या पोराची पाठ सांधायला बसल्यात.

डॉक्टरांना परिषदा, भाषणं, फोन. ठिपका दाखवायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं होतं आणि खरं सांगते, मला ते आवडायचं. पडद्यावर नववी चौकट मोठी करून मी बोट ठेवायचे आणि तीन चेहरे एकदम उजळायचे. चौदा वर्षांच्या नोकरीत माझ्या बोटाकडे असं कुणी बघितलं नव्हतं.

पहिल्या महिन्यात ठिपका ठसठशीत होता. दुसऱ्या महिन्यात थोडा कमी. आणि त्या दिवशी, तिसऱ्या महिन्यात, मी पडद्यावर नववी चौकट उघडली तर तो इतका फिका होता की दाखवताना मला बोट फिरवून फिरवून शोधावं लागलं.

भरतेश स्ट्रेचरवरून मान वळवून बघत होता. त्याने नुसती मान सरळ केली आणि छताकडे बघत राहिला. रत्नाक्काने विचारलं, “गेल्या का ओ?” मी म्हटलं, तसं नाही, कधीकधी नीट येत नाही. डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, पुढच्या वेळी बघू. त्यांना गाडी गाठायची होती.

दोन दिवसांनी सन्मतीचा फोन आला. हे जेवत नाहीत, म्हणाली, भिंतीकडे तोंड करून पडलेत. मी तिची समजूत घातली, पण फोन ठेवल्यावर माझीच अन्नावरची वासना उडाली. त्या माणसाला आशा मी दाखवली होती. डॉक्टरांनी पेशी सोडल्या असतील, पण ठिपका त्याला दाखवला होता मी.

चौथ्या महिन्यात मी जे केलं ते कुणी सांगितलं म्हणून केलं नाही.

आमच्या यंत्रात एक आकडा असतो. तो वाढवला की लोखंडाचा काळेपणा टीपकागदावर शाईचा थेंब पसरावा तसा पसरून दिसतो. लोखंड तेवढंच असतं, चित्र मोठं होतं. म्हणूनच महिन्यामहिन्याची तुलना करायची असेल तर तो आकडा बदलायचा नसतो. हे शिकाऊ पोरींना मीच शिकवायचे. तो आकडा वीसवर होता, मी चाळीस केला. स्वतःला सांगितलं की जरा स्पष्ट येईल, आहे ते नीट दिसेल, एवढंच.

ठिपका दुप्पट झाला. पडद्यावर नववी चौकट उघडली आणि रत्नाक्का पुटपुटत णमोकार म्हणू लागली. सन्मतीने तोंडावर पदर धरला. भरतेशने स्ट्रेचरवरून हात लांब करून पडद्याला बोट लावायचा प्रयत्न केला, पोहोचलं नाही, तर मी स्ट्रेचर जवळ ढकललं. त्याचं ते बोट, नखाखाली अजून काळी रेघ असलेलं वायरमनचं बोट, मला आजही दिसतं.

“मॅडम, एवढा कसा काय वाढला?” त्याने विचारलं.

मला त्या वेळी काहीतरी सांगणं भाग होतं. मी म्हटलं, “ह्या वेळी तुम्ही अजिबात हलला नाहीत ना, म्हणून.”

डॉक्टर आले. फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून त्यांनी शीळ घातली. फिल्मच्या प्रत्येक कोपऱ्यात बारीक अक्षरांत यंत्राचे सगळे आकडे छापलेले असतात. वीसचे चाळीस झालेलेही तिथे छापलेले होते. डॉक्टरांनी चष्मा काढून ठिपका मोजला, पुन्हा मोजला, पण कोपऱ्याकडे बघितलं नाही. पुढच्या आठवड्यात हैदराबादला त्यांचं भाषण होतं. संध्याकाळपर्यंत पहिला महिना आणि चौथा महिना शेजारी शेजारी लावलेली त्यांची स्लाइड तयार झाली होती, आणि सगळ्या स्टाफला पेढे वाटले गेले. मी पेढा खाल्ला. तेव्हा सांगायला हवं होतं, पण मी मूग गिळून बसले. एकदा पेढे वाटले गेले की आकड्याचं नाव कोण काढतं.

दहा-बारा दिवसांनी सन्मती एकटीच आली.

दुपारची वेळ होती, यंत्र रिकामं होतं. ती माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली, हातात साडीच्या दुकानाची लाल पिशवी. ही पिशवी मी ओळखत होते. पहिल्या दिवसापासून ती प्रत्येक वेळी घेऊन यायची. त्यात आधीच्या दवाखान्यातल्या फिल्म होत्या, आणि पहिल्या दिवशी मीच तिला सांगितलं होतं, “जुन्या फिल्म नकोत, त्या ठेवा बाजूला.” सगळीकडे हेच सांगतात. ह्या सेंटरने त्या सेंटरच्या फिल्म बघायच्या नाहीत, आपल्या यंत्रावर नव्याने काढायच्या, हा आमच्या धंद्यातला शिरस्ता. पेशंट बिचारे तरीही पिशव्या वाहत असतात, न जाणो कुणी मागितल्या तर म्हणून.

तिला बसायला सांगितलं तर बसली नाही. म्हणाली, कोल्हापूरच्या पुढे एक केंद्र आहे. पाठ मोडलेल्यांना तिथे सहा महिने ठेवून घेतात. चाकाच्या खुर्चीवर एकट्याने चढायचं-उतरायचं, अंघोळ करायची, दर दोन तासांनी अंग वळवायचं, आरसा धरून पाठीला जखम नाही ना ते बघायचं, सगळं शिकवतात. तिच्या भावाने खटपट करून भरतेशसाठी एक जागा धरून ठेवली होती. पंधरा तारखेपर्यंत हजर व्हायचं. तिथून आल्यावर वीज कंपनी त्याला तक्रारींचे फोन घेण्याच्या टेबलावर बसवणार होती, तसा कागदही आला होता.

“मग अडचण काय आहे?” मी विचारलं.

“ठिपका,” ती म्हणाली. “हे म्हणत्यात, तीन-चार महिन्यांत मी चालणार, मला चाकाची खुर्ची कशाला. आणि कुशीवर वळवू देत न्हाईत. पेशी हलतील म्हणत्यात. तुम्हीच सांगितलं न्हवं, हलला न्हाईत म्हणून वाढला.”

मी घाईने सांगितलं की ते फक्त यंत्रात, चित्र काढताना. घरी वळवायलाच हवं, नाहीतर पाठीला जखमा होतात.

“मीबी तेच सांगतो. माझं कोण ऐकतंय? आत्याबी त्यांच्याच बाजूच्या. तुम्ही सांगा त्यांना.” सासूला ती आत्या म्हणायची.

मी म्हटलं, पुढच्या महिन्यात येतील तेव्हा सांगते.

ती अजूनही गेली नाही. तिने पिशवीतून दोन फिल्म काढल्या. एक आमची, चौथ्या महिन्याची. दुसरी आधीच्या दवाखान्यातली, पडल्यानंतर दहा दिवसांनी काढलेली. खिडकीपाशी जाऊन तिने दोन्ही काचेवर शेजारी शेजारी धरल्या. बारावी झालेली पोरगी होती. घरी बसून बसून तिने त्या चौकटी किती वेळा बघितल्या असतील देव जाणे.

“मॅडम, इथं बघा. ही तुमची, नववी चौकट. आणि ही आधीची. इथंबी हाय की ठिपका, त्याच जागी. पेशी सोडायच्या आधी हा कुठनं आला?”

मी बघितलं. बघायला दोन सेकंदही लागले नाहीत.

मोडलेल्या मणक्यापाशी रक्त सांडतं. रक्तात लोखंड असतं. सांडलेल्या रक्तातलं लोखंड तिथेच साचून राहतं आणि यंत्रात काळं उमटतं, महिनोनमहिने, वर्षानुवर्षं. आधीच्या दवाखान्याने रक्तस्राव बघायला जी चित्रं काढली होती त्यात तो ठिपका होता. आमच्याकडे पेशी सोडायच्या आधी जी चित्रं काढली त्यात नव्हता, कारण लोखंड दाखवणारी तशी चित्रं आमच्याकडे काढलीच नव्हती. डॉक्टरांच्या यादीत ती होती. शेवटची बारा मिनिटं. त्या दिवशी बाहेर नऊ पेशंट बसले होते, भरतेशच्या पाठीला कळ लागली होती, आणि मी म्हटलं, पेशी सोडायच्याच आहेत अजून, आधी लोखंड कुठून दिसणार, आणि ती बारा मिनिटं वगळली. यादीवर मात्र बरोबरची खूण केली.

खिडकीपाशी उभ्या उभ्या मला सगळं कळलं. पहिल्या महिन्यात पेशींचं लोखंड आणि जुन्या रक्ताचं लोखंड मिळून ठिपका ठसठशीत होता. मग पेशी मेल्या, वाहून गेल्या, आणि उरला तो जुन्या रक्ताचा फिका डाग. तोच डाग यंत्राचा आकडा वाढवून मी मोठा केला होता. रत्नाक्का जो कपाळाला लावत होती तो तिच्या पोराच्या पडण्याचा डाग होता.

“खरं सांगा,” सन्मती म्हणाली. “तुम्ही न्हाई म्हणाला तर मी त्यांना उचलून घेऊन जातो. रडतील, शिव्या देतील, जेवणार न्हाईत. मी बघून घेतो. फक्त तुम्ही सांगा, त्यात जीव हाय का न्हाई.”

तिचा आवाज चढला नव्हता. ती मला दोष देत नव्हती, नुसतं विचारत होती. हो किंवा नाही, एवढ्याने तिचं काम होणार होतं. आणि मी नाही म्हटलं असतं तर पुढचे प्रश्न आले असते. मग वाढला कसा, आधीचं चित्र का नाही, यादीवर खूण कुणाची. डॉक्टर हैदराबादहून टाळ्या घेऊन नुकतेच परतले होते. त्यांनी काखा वर केल्या असत्या आणि सगळं माझ्या अंगावर आलं असतं. हे मी तेव्हा एवढं नीट मांडून विचारात घेतलं असं नाही. पण तोंडातून जे निघालं ते ह्याच भीतीने निघालं.

“जुन्या फिल्म अशाच असतात,” मी म्हटलं. “त्यांचं यंत्र चांगलं नाही. तो डाग यंत्राचा आहे.”

तिने दोन्ही फिल्म खाली घेतल्या. मग जुनी फिल्म नव्या फिल्मच्या खाली घालून दोन्ही पिशवीत सरकवल्या आणि म्हणाली, “बरं.”

पंधरा तारीख आली आणि गेली. पुढच्या महिन्याची वाट न बघता मी निदान एक फोन करून भरतेशला कुशीवर वळायला सांगू शकत होते. दोनदा फोन हातात घेतला. फोनवर एक बोलायला गेलं की दुसरं निघेल, असं वाटून ठेवून दिला.

पाचव्या महिन्यात टेम्पोतून उतरवताना भरतेश तापाने फणफणला होता. चादर बाजूला केली तसा वास आला. कमरेखाली, माकडहाडावर, मूठ जाईल एवढी जखम होती. त्याला तिथलं काही कळत नव्हतं म्हणून दुखलं नव्हतं, आणि दुखलं नव्हतं म्हणून त्याने कुणाला बघू दिलं नव्हतं. रत्नाक्का सांगत होती, गेला महिनाभर पोरगं शिळेगत पडून होतं, माशी बसली तरी हललं नाही. हे तिने कौतुकाने सांगितलं. सन्मती भिंतीपाशी उभी होती. त्या दिवशी तिच्या हातात पिशवी नव्हती.

डॉक्टरांनी जखम बघून आधी चित्र काढा म्हणून सांगितलं. अभ्यासातला महिना चुकायला नको होता. मी त्याला यंत्रात सरकवलं. आकडा पुन्हा वीसवर आणला. निदान तेवढं तरी केलं. पडद्यावर एकेक चौकट उमटत गेली. माकडहाडापर्यंत पू पोहोचला होता, हाड किडल्यासारखं दिसत होतं. आणि वर, नवव्या चौकटीत, तो फिका डाग जिथल्या तिथे होता.

“मॅडम,” हेडफोनमध्ये भरतेशचा आवाज आला, तापाने जड झालेला. “हाय का?”

मी बटण दाबलं.

“आहे,” म्हटलं. “हलू नका.”

एकोणीस दिवसांनी तो गेला. पू रक्तात पसरला होता. बातमी आमच्या रिसेप्शनवर आली, डॉक्टरांनी हळहळ व्यक्त केली आणि अभ्यासाच्या वहीत लिहिलं की पेशंट जंतुसंसर्गाने दगावला, उपचाराशी संबंध नाही. त्यांची ती स्लाइड पुढे बरीच वर्षं फिरत होती. मी एकदा दुसऱ्याच शहरातल्या कार्यक्रमात ती बघितली. लोक मान डोलवत होते.

पंधरा दिवसांनी मी त्यांच्या गावी गेले. कबुली द्यायला गेले असं म्हणायची माझी हिंमत नाही. घरात बसवत नव्हतं म्हणून गेले.

पुढच्या खोलीत, सोप्यात, भरतेशचा फोटो होता, वीज कंपनीच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला. त्याच्या बाजूला खिडकीच्या काचेला चौथ्या महिन्याची फिल्म चिकटवली होती, उजेड मागून येईल अशी. नवव्या चौकटीवर कुणीतरी गंधाचं बोट लावलं होतं. रत्नाक्का चटईवर बसली होती. मला बघून तिने जवळ बोलावलं, हात हातात घेतला. सन्मती आत चहाला गेली.

“मॅडम, एक इचारू का?” रत्नाक्का हळू आवाजात म्हणाली. “मुनी महाराजांस्नी इचारायचं धाडस हुईना. तुम्ही आपल्यातल्या, तुम्हाला कळंल. भरतूला अग्नी दिला तवा त्या पेशी जित्या हुत्या न्हवं?”

मला लगेच उलगडा झाला नाही. मग झाला.

“दोन कोटी हुत्या,” ती म्हणाली. “मग दुप्पट झाल्या. तुम्हीच दाखवलासा. पोरगं गेलं, पण त्या तर आत जित्या हुत्या. आम्ही पानी गाळून पितो ओ मॅडम, आनि एवढं जीव जित्तं जाळलं. डोळा लागत न्हाई. भरतूचं दुःख हायच, पर हे त्याच्यावर बसलंय.”

तिचा हात माझ्या हातात होता, खरबरीत आणि गार. तिला हा घोर मी लावला होता. पोर गेल्याच्या दुःखाला जागाच मिळू नये इतका.

“आक्का, त्या जिवंत नव्हत्या,” मी म्हटलं.

“असं कसं? ठिपका हुता की.”

“ठिपका पेशींचा नव्हता. पडला तेव्हा आत रक्त सांडलं होतं, त्याचा डाग होता. पेशी पहिल्या-दुसऱ्या महिन्यातच आपोआप गेल्या होत्या. वाढल्या-बिढल्या नव्हत्या. मी यंत्राचा आकडा बदलला, म्हणून मोठा दिसला.”

तिने माझ्याकडे टक लावून बघितलं. मी वाट बघत होते. शिव्या, शाप, थप्पड, काहीही चाललं असतं. पण ती शेवटच्या वाक्यापर्यंत आलीच नव्हती. ती आधीच्याच वाक्यावर थांबली होती.

“आपोआप गेल्या? म्हंजे आमच्या हातनं न्हाई?”

“नाही.”

“जाळलं तवा कायबी जित्तं नव्हतं?”

“नव्हतं, आक्का.”

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. मग दोन्ही हात जोडून माझ्यापुढे वाकली. मी मागे सरकले. ती वाकलेलीच म्हणाली, “लई उपकार झालं. माझा घोर मिटवलासा.”

सन्मती आतल्या दारात उभी होती. हातात चहाचा कप-बशी. किती वेळ उभी होती ते मला कळलं नव्हतं, पण तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तिने सगळं ऐकलंय.

“मी पिशवी घिऊन आलतो,” ती म्हणाली, “त्या दिवशी तुम्हाला म्हाईत हुतं?”

खोटं बोलायला आता काही कारण उरलं नव्हतं.

“हो,” मी म्हटलं.

रत्नाक्काला ह्यातलं काही कळलं नाही. तिने डोळे पुसले आणि सुनेला म्हणाली, “ऐकलंस न्हवं गं, मॅडम काय म्हणत्यात? आधीच गेल्या हुत्या त्या. दे, त्यांस्नी चहा दे, लांबनं आल्यात.”

सन्मती पुढे आली. कप-बशी माझ्यासमोर जमिनीवर ठेवली. आवाज झाला नाही, थेंब सांडला नाही. मग ती गेली नाही, तिथेच उभी राहिली.

“घ्या,” ती म्हणाली.

मी कप उचलला. चहा कढत होता. मी फुंकर घालायलाही थांबले नाही, घोट घोट करत सगळा प्याले, आणि ती माझ्याकडे बघत होती. चहात साखर घातलेली नव्हती.

“साखर बरोबर हाय का ओ?” रत्नाक्काने विचारलं.

“आहे,” मी म्हटलं.